तबकडी, कागद आणि स्विंगचा सोलो

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या येतात, तेव्हा भजनात उभ्या असलेल्या कित्येकांच्या हाती गाथा असते. परंतु त्या गाथेत अभंगाचे शब्द तेवढे छापलेले असतात, चाल छापलेली नसते, आणि नवख्या टाळकऱ्याला ती शेजारच्याच्या गळ्यातूनच उचलावी लागते. याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण जे कागदावर नाही ते कानाने घ्यायचे हे उघडच आहे. अमेरिकेतील स्विंग संगीतातला एखादा गाजलेला सॅक्सोफोन सोलो शिकू पाहणाऱ्यापुढचे कोडे याहून अवघड असते. तिथे चालही छापलेली असते. प्रत्येक स्वराची उंची आणि लांबी पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत नोंदवलेली असते, ती अस्खलित वाचणारा वादक पहिल्याच बैठकीत सगळे स्वर बिनचूक वाजवतो, आणि तरीही मूळ ध्वनिमुद्रण ऐकलेल्या माणसाला काही क्षणांतच कळते की हा तो सोलो नव्हे.

स्विंग ही जॅझ संगीताची साधारण १९३० ते १९४५ या काळात बहरलेली, नृत्यगृहांत आणि मोठ्या वाद्यवृंदांत घडलेली शैली होय. आणि सोलो म्हणजे ठरलेल्या गाण्याचा आराखडा पायाखाली ठेवून एका वादकाने त्या क्षणी केलेली स्वररचना. एकदाच सुचलेली आणि तबकडीवर मुद्रित झाल्यामुळेच टिकलेली अशी रचना दुसऱ्याने कशी आत्मसात करावी, तबकडीवरून की कागदावरून, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण या दोन साधनांत सोलोचे वेगवेगळे भाग साठवलेले असतात आणि दोन्हींतून वेगवेगळे भाग गळालेले असतात.

मुंबईतील गोवेकर वादकांची दुहेरी तयारी

या प्रश्नाचे जवळचे उदाहरण मुंबईतील गोवेकर वादकांचे आहे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून गावचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरवाचन आणि बहुधा व्हायोलिन शिकवीत असे. त्यामुळे पोटापाण्यासाठी मुंबईला येऊन धोबी तलावाच्या आसपासच्या कुडांत, म्हणजे एकेका गावच्या मंडळींनी आपल्या गावकऱ्यांसाठी चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरणाऱ्या तरुणाला समोर ठेवलेला छापील कागद वाचण्याची अडचण नसे. नृत्याच्या वाद्यवृंदांसाठी छापलेल्या रचनांत प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद असे, आणि तो वाचता येणे ही नोकरीची पहिली अट होती.

कागदापलीकडचे शिक्षण निराळ्या वाटेने आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यास आला, त्यापाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात पूर्वी काम केलेले सॅक्सोफोन व क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सन हेही त्या काळात मुंबईत वाजवीत होते. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद होता. ज्यांना हे वादक प्रत्यक्ष ऐकायला मिळत त्यांचे भाग्य मोठे, परंतु बहुतेकांचा खरा शिक्षक ग्रामोफोनच होता. त्या काळच्या तबकड्या ज्या द्रव्याने घट्ट धरल्या जात ती लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जात असे, ही योगायोगाची पण सांगण्याजोगी गोष्ट. लाख इथून निघून तिथले संगीत घेऊन परत येई.

कागद काय धरून ठेवतो

छापील सोलोत स्वरांची उंची आणि क्रम नीट कळतो, आणि शिकणाऱ्याला पहिली अडचण येते ती तिथेच, कारण सॅक्सोफोन हे स्थलांतरित स्वरांचे वाद्य आहे. ॲडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या या वाद्यकुळातील आल्टो सॅक्सोफोनवर कागदावरचा ‘सी’ वाजवला असता पियानोवरचा ‘ई फ्लॅट’ ऐकू येतो आणि टेनरवर ‘बी फ्लॅट’. ही सोय अशासाठी की वादकाने वाद्य बदलले तरी त्याच खुणेला तीच बोटे पडावीत. पियानोसाठी छापलेला कागद समोर ठेवून सॅक्सोफोन वाजवू लागणारा म्हणूनच बरोबर वाजवूनही चुकतो.

यापेक्षा महत्त्वाचे ते कागद जे सांगत नाही. सॅक्सोफोनवरचा स्वर हा केवळ उंची आणि लांबी नव्हे: तो खालून ओढत आणता येतो, शेवटी घसरू देता येतो, घशाच्या घरघरीने खरखरीत करता येतो, खालच्या पट्टीत फुंकर मिसळून मऊ करता येतो. काही स्वर तर अर्धवट गिळलेले असतात. बोट पडते, जीभ किंवा श्वास मात्र त्याला पुरता बाहेर येऊ देत नाही, आणि कानाला स्वराऐवजी त्याची जागा तेवढी जाणवते. छापील प्रतींत अशा स्वरांना कंस किंवा फुली घालतात, म्हणजे ‘इथे काहीतरी आहे’ एवढेच सांगतात. लेस्टर यंग यांची एक प्रसिद्ध लकब होती: एकच स्वर सलग वाजवताना ते त्याच स्वराच्या दोन निरनिराळ्या बोटरचना आलटून पालटून वापरीत, त्यामुळे उंची तीच राहून स्वराचा रंग तेवढा बदले. कागदावर तिथे एकसारख्या खुणांची कंटाळवाणी रांग दिसते. तबकडीवर तोच सोलोतील सर्वांत जिवंत भाग असतो.

एका मात्रेचे दोन असमान भाग

कागदाची सर्वांत मोठी उणीव मात्र लयीत आहे. स्विंगमधील धावते स्वर बहुधा मात्रेला दोन असे येतात आणि स्वरलिपीत ते समान लांबीचेच लिहिले जातात. वरच्या कोपऱ्यात ‘स्विंग’ असा शब्द टाकून लेखनिक मोकळा होतो. प्रत्यक्षात पहिला स्वर लांब आणि दुसरा आखूड असतो. पाठ्यपुस्तकांत याचा खुलासा असा करतात की मात्रेचे तीन समान भाग कल्पावेत, पहिले दोन पहिल्या स्वराला द्यावेत आणि तिसरा दुसऱ्याला. म्हणजे मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची धरली, तर तिचे २०० आणि १०० असे भाग पडतील. दादरा ऐकून वाढलेल्या कानाला ही तीनाची विभागणी परकी वाटू नये.

तथापि हा खुलासा अर्धाच खरा आहे आणि तो अक्षरशः पाळणाऱ्याचे वाजवणे कवायतीसारखे होते. ध्वनिमुद्रणांची मोजमापे घेतली असता असे दिसते की हे प्रमाण लयीबरोबर बदलते: लय संथ असेल तेव्हा लांब-आखूड हा भेद वाढतो, लय द्रुत होत जाईल तसा तो मिटत जातो आणि अतिद्रुत लयीत दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होतात. शिवाय ड्रमवादकाच्या झांजेवर हा भेद जितका ठळक असतो तितका सोलो वाजवणाऱ्याच्या स्वरांत नसतो. दोघे एकाच वेळी एकाच मात्रेचे वेगवेगळे भाग करीत असूनही ते बेताल का वाटत नाहीत, याचे उत्तर मोठे सुंदर आहे: सोलोवादक मात्रेवरचा स्वर झांजेच्या किंचित मागून टाकतो, पण मात्रेच्या मधला, आखूड स्वर मात्र झांजेच्या बरोबर टाकतो. जर्मनीतील गॉटिंगेन येथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच विलंब, साधारण ३० मिलिसेकंदांचा, कृत्रिमरीत्या घालून आणि काढून वादकांना ऐकवला, तेव्हा मात्रेवरचे स्वर मागे ठेवलेले रूपच अधिक ‘स्विंग’ करते असा कौल मिळाला. गमतीचा भाग असा की फरक जाणवत असूनही तो नेमका कशात आहे हे ऐकणाऱ्या वादकांना सांगता आले नाही.

यात जिभेचे काम मोलाचे असते. सॅक्सोफोनच्या पत्तीला जिभेचा टोला दिला की स्वर स्पष्ट सुरू होतो, आणि न देता बोटे बदलली की स्वर मागल्याला जोडून येतो. नवशिका स्वाभाविकपणे मात्रेवर टोला देतो. स्विंगमध्ये बहुधा उलट करतात, म्हणजे मात्रेच्या मधल्या आखूड स्वराला टोला देऊन त्याला पुढच्या मात्रेवरच्या स्वराशी जोडतात, त्यामुळे वजन सदैव मात्रेच्या आधी पडते. ही एक गोष्ट हाती आली की उरलेली पुष्कळशी आपोआप येते, असे म्हणण्यास हरकत नाही.

चौकट : एका सोलोची मापे
‘बॉडी अँड सोल’. गीताचे संगीतकार जॉनी ग्रीन, १९३०. टेनर सॅक्सोफोन : कोलमन हॉकिन्स, ध्वनिमुद्रण ११ ऑक्टोबर १९३९, न्यूयॉर्क. आराखडा ३२ आवर्तनांचा, प्रत्येक आवर्तन चार मात्रांचे. आठ-आठ आवर्तनांचे चार भाग, त्यांपैकी पहिला, दुसरा व चौथा एकाच घडणीचे, तिसरा वेगळा. हॉकिन्स हा आराखडा दोनदा फिरतात, म्हणजे ६४ आवर्तने. मूळ पट्टी ‘डी फ्लॅट’. टेनरच्या कागदावर ‘ई फ्लॅट’. एकूण अवधी सुमारे तीन मिनिटे, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे.

तबकडी काय दडवून ठेवते

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मग कागद दूर सारून तबकडीच घ्यावी. पण तबकडीही भरवशाची साक्षीदार नाही. ती मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरायला हवी, आणि किल्लीवर चालणाऱ्या ग्रामोफोनची चावी उतरत आली की वेग मंदावतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे ७८ ऐवजी फेऱ्या साडेत्र्याहत्तरच्या आसपास आल्या, की सगळे गाणे अर्ध्या स्वराने उतरते आणि ‘डी फ्लॅट’मधला सोलो ‘सी’मधला म्हणून पाठ होतो. हॉकिन्स यांनी कठीण पट्टीत बसवलेली बोटांची चाल अशा वेळी सोप्या पट्टीत येते आणि स्वरांचे वळण बदलून जाते. पोलादी सुई दर बाजूला बदलण्याची सूचना असे, आणि एकाच ठिकाणी पुनःपुन्हा सुई टेकवली की खाच झिजे. म्हणून तबकडीवरून शिकणाऱ्याला एक तुकडा शक्य तितक्या कमी वेळा ऐकून ध्यानात धरावा लागे. साधनाच्या या दारिद्र्याने स्मरणशक्ती मात्र चांगलीच घासूनपुसून निघत असावी.

पुढे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या तबकड्या आल्या आणि काही यंत्रांवर सोळा फेऱ्यांचीही सोय होती. त्यामुळे वेग निम्मा करून ऐकता येई, आणि स्वर बरोबर एका सप्तकाने खाली येत असल्याने त्यांची नावे बदलत नसत. आजची संगणकीय साधने स्वराची उंची न बदलता वेग कमी करतात: ध्वनीचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते अंशतः एकमेकांवर चढवून पुन्हा मांडले जातात आणि जागा भरण्यासाठी काही तुकडे परत वापरले जातात. याची किंमत स्वरांच्या सुरुवातीला मोजावी लागते. जिभेचा टोला इतका क्षणिक असतो की तो या तुकड्यांत विरघळतो, आणि स्विंगचा अर्धा प्राण तर त्या टोल्यातच असतो. शिवाय लांब-आखूडचे प्रमाण लयीवर अवलंबून असल्यामुळे, निम्म्या वेगाने घोटलेला तुकडा वेग वाढवताना जसाच्या तसा चढवला तर त्याची लय ना इकडची राहते ना तिकडची. मंद वेग स्वर ओळखण्यापुरता वापरावा, लय शिकण्यासाठी नव्हे.

तबकडीत आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या शिकाऊ वादकाला ती सर्वांत जड जाते. तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्याच्या संदर्भाने लागतो. जॅझमध्ये खालचा आधार एकसारखा सरकत असतो. एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गटाला कॉर्ड म्हणतात, आणि ‘बॉडी अँड सोल’मध्ये अशा कॉर्ड आवर्तनाला दोन-दोन बदलतात, तिसऱ्या भागात तर गाणे ‘डी फ्लॅट’ सोडून अर्धा स्वर वर ‘डी’त आणि मग ‘सी’त जाते. हॉकिन्स यांनी मूळ चाल सुरुवातीच्या काही आवर्तनांत जेमतेम सुचवली आणि पुढे प्रत्येक कॉर्डचे स्वर एकामागून एक उलगडीत नेले, त्यामुळे ती कॉर्ड कानात नसेल तर त्यांचे स्वर नुसते जिने चढत-उतरत असल्यासारखे भासतात. जुन्या ग्रामोफोनवर बासचा, म्हणजे खर्जातल्या आधारवाद्याचा, आवाज क्षीण येई आणि पियानो मागे पडे. सोलो ऐकू येई, पण तो कशावर उभा आहे ते नीट कळत नसे.

नेमकी इथे कागदाची खरी जागा आहे. शिकणाऱ्याने सोलो छापील घेऊ नये, गाणे छापील घ्यावे: मूळ चाल, शब्द आणि कॉर्डची नावे असलेला साधा कागद. त्यावरून पाया पक्का करावा आणि सोलो मात्र कानाने घ्यावा. मुंबईच्या गोवेकर वादकांची तयारी जवळपास याच पद्धतीची होती. वाचनाने त्यांना आराखडा मिळाला आणि तबकडीने त्यावरचे चालणे.

गळा, वाद्य, मग पेन्सिल

ही पद्धत प्रत्यक्षात अशी चालते. प्रथम सोलो वाद्याला हात न लावता इतका ऐकायचा की तो मूळ मुद्रणाबरोबर गाता यावा. गाताना अक्षरे कोणतीही चालतील, पण श्वास जिथे वादकाने घेतला तिथेच घ्यायचा, कारण सॅक्सोफोनवरचे वाक्य श्वासाएवढेच लांब असते. गळ्यात बसलेला तुकडा वाद्यावर शोधणे हे दुसरे काम, आणि ते दोन-चार आवर्तनांच्या तुकड्यांनी करायचे. लिहून काढणे शेवटी. कारण आधी लिहिले तर डोळा कानाची जागा घेतो आणि मात्रेवरचे ते नाजूक मागे राहणे समान लांबीच्या खुणांत सपाट होऊन जाते. छापील सोलो हाताशी असेल तर तो आता उघडावा आणि आपल्या कागदाशी ताडून पाहावा. दोन्हींत फरक निघतील, विशेषतः गिळलेल्या स्वरांच्या ठिकाणी, आणि दर वेळी छापील प्रतच बरोबर असेल असे नाही, कारण तीही कोणीतरी याच तबकडीला कान लावूनच तयार केलेली असते.

मुंबईत हाच व्यवहार पुढे उलट दिशेनेही चालला. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ज्याचा पाया घातला तो चित्रपटव्यवसाय १९३१ मध्ये बोलू लागला, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील नृत्यसंगीताला ओहोटी लागल्यावर गोवेकर वादक मोठ्या संख्येने स्टुडिओंत शिरले. संगीतकार चाल गाऊन दाखवीत आणि गोवेकर संयोजक ती पाच रेषांवर उतरवून प्रत्येक वाद्याचा कागद तयार करीत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांना हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांची साथ लाभली. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात, आणि तिथला ठेका कागद वाचून आलेला नाही हे कोणालाही ऐकू येते.

पाठ झाल्यानंतर

सोलो पाठ झाला म्हणजे त्याचे काय करायचे, याची दोन उत्तरे स्विंगच्या इतिहासातच मिळतात. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदाने १९४२ मध्ये मुद्रित केलेल्या ‘फ्लाइंग होम’मधला इलिनॉय जॅके यांचा टेनर सोलो इतका लोकप्रिय झाला की तो गाण्याचाच भाग बनला; जॅके तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या मागून त्या जागी बसणाऱ्या टेनरवादकांकडूनही श्रोते त्याच स्वरांची अपेक्षा करीत. असा सोलो जसाच्या तसा वाजवण्यात कमीपणा नाही. दुसरे उत्तर चार्ली पार्कर यांचे. १९३७ च्या उन्हाळ्यात मिसूरी राज्यातील ओझार्क डोंगराळ भागात एका वाद्यवृंदाबरोबर काम करताना त्यांनी लेस्टर यंग यांच्या तबकड्या सोबत नेल्या आणि त्यांतील सोलो मुखोद्गत केले. यंग टेनर वाजवीत, पार्कर आल्टो, म्हणजे तेच स्वर वेगळ्या बोटांनी आणि वेगळ्या आवाजाच्या वाद्यावर घ्यावे लागले. पुढे पार्कर यांचे वादन यंग यांच्यासारखे राहिले नाही, पण वाक्य कुठे सुरू करायचे आणि कुठे सोडायचे याची समज त्या तबकड्यांतून आली होती.

‘बॉडी अँड सोल’ शिकणाऱ्याने हा दुसरा मार्ग धरावा. पूर्ण ६४ आवर्तने बसली की त्यांतील चार आवर्तनांचे एकच वाक्य निवडावे, त्याखालच्या कॉर्ड ओळखाव्यात, आणि ते वाक्य बाराही पट्ट्यांत फिरवावे. मूळ पट्टीत सहज पडणारी बोटे इतर पट्ट्यांत अडखळतात. जे वाक्य अडखळूनही अकराव्या-बाराव्या पट्टीत ओळखू येते ते शिकणाऱ्याचे झाले असे समजून त्याने पुढचे घ्यावे, आणि जे येत नाही त्यासाठी पुन्हा तबकडीकडे जाऊन, तिथे श्वास नेमका कोणत्या स्वरानंतर घेतला आहे ते आधी पाहावे.